पार्मेनिडीसचे 'आहे' आणि उद्दालकाचे 'सत्' : सारखेपणा नेमका कुठवर?

घटपट (धागाकर्ता)

अद्वैतावरच्या कुठल्याही धाग्यात पन्नासावा प्रतिसाद यायच्या आत कोणीतरी लिहितेच, "ग्रीकांनीही हेच सांगितले आहे." हेच म्हणजे काय, ते मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा वेगळा धागा. विषय मुद्दाम आखडता घेतो. एका बाजूला छांदोग्य उपनिषदाचा सहावा अध्याय आणि त्यावर गौडपाद-शंकराचार्यांनी उभारलेली मांडणी. दुसऱ्या बाजूला एलियाचा पार्मेनिडीस आणि त्याच्यानंतर सुमारे सातशे वर्षांनी आलेला, प्लेटोच्या परंपरेतला तत्त्वज्ञ प्लोटिनस.

आधी हाताशी काय आहे ते पाहू. पार्मेनिडीस इ.स.पू. पाचव्या शतकाच्या पूर्वार्धातला, दक्षिण इटलीतल्या एलिया या ग्रीक वसाहतीतला. त्याचे एकच काव्य, होमरच्याच हेक्सामीटर वृत्तात; रथातून आलेल्या एका तरुणाला एक देवी उपदेश करते, अशी त्याची रचना. त्यातल्या सुमारे १६० ओळी उरल्या आहेत. गाभा म्हणजे आठवा तुकडा, साठेक ओळींचा. तो वाचला सिंप्लिकियसमुळे. हा इसवी सनाच्या सहाव्या शतकातला भाष्यकार; ग्रंथ दुर्मीळ झालाय म्हणून लांब उतारा देतोय, असे तो स्वतःच सांगतो. कवी आणि त्याला वाचवणारा यांच्यात हजार वर्षे. छांदोग्य आपल्याकडे अख्खे आहे. तुलना करताना पहिली चूक इथेच होते: तुकड्यांमधल्या रिकाम्या जागा वाचणारा आपल्या ओळखीच्या मालाने भरतो, आणि मग "किती सारखे आहे बघा" म्हणतो.

आता युक्तिवाद. उद्दालक आपल्या मुलाला, श्वेतकेतूला सांगतो, "सदेव सोम्येदमग्र आसीदेकमेवाद्वितीयम्" (६.२.१): बाळा, आधी हे सगळे सत्, म्हणजे 'असणे'च होते, एकच, दुसरे नसलेले. लगेच पूर्वपक्ष मांडतो: काही जण म्हणतात, आधी असत् होते आणि त्यातून सत् झाले. त्यावर त्याचा एकच प्रश्न, "कथमसतः सज्जायेत?" कारण दिलेले नाही, प्रश्नच खंडन आहे. पार्मेनिडीस त्याच ठिकाणी दोन कारणे देतो. पहिले (८.७-९, म्हणजे आठवा तुकडा, ओळी ७ ते ९): जे नाही ते बोलता येत नाही, विचारात धरता येत नाही; तेव्हा त्यातून काही झाले हे म्हणताच येत नाही. दुसरे (८.९-१०): घटकाभर धरून चालू की शून्यातून सुरुवात झाली, पण मग ती तेव्हाच का? आधी का नाही, नंतर का नाही? कोणती गरज त्याला हलवायला आली? हे दुसरे जास्त धारदार आहे, कारण प्रतिपक्षाचे गृहीत मान्य करूनही ते चालते.

इथून तो पायरी-पायरीने उतरतो. उत्पत्ती नाही, म्हणून नाशही नाही. सगळीकडे सारखेच आहे, म्हणून तुकडे नाहीत (८.२२-२५). उत्पत्ती-नाश हद्दपार झाले, म्हणून हालचाल नाही (८.२६-२८). उणीव नाही म्हणून पुरे, मध्यापासून चहूकडे सारख्या तोलाच्या गोलासारखे (८.४२-४४).

आणि उद्दालक? त्याचे पुढचे पाऊल आहे, "तदैक्षत बहु स्यां प्रजायेयेति" (६.२.३). त्या सताने पाहिले, अनेक व्हावे असे ठरवले. मग तेज, आप, अन्न. पार्मेनिडीसच्या कानावर हे पडले असते तर त्याने आपला दुसराच प्रश्न पुन्हा टाकला असता: तेव्हाच का ठरवले? म्हणजे 'छांदोग्य = पार्मेनिडीस' हे समीकरण अर्ध्याच खंडावर उभे आहे.

माझ्या मते पार्मेनिडीसचा खरा जोडीदार उद्दालक नाहीच, गौडपाद आहे. "न कश्चिज्जायते जीवः संभवोऽस्य न विद्यते । एतत्तदुत्तमं सत्यं यत्र किञ्चिन्न जायते" (गौडपादाची मांडूक्यकारिका ३.४८): कोणताही जीव जन्मत नाही; जिथे काहीच जन्मत नाही तेच सर्वोच्च सत्य. आणि उपनिषदांतल्या त्या 'बहु स्याम्'चे, मातीच्या, लोखंडाच्या, ठिणगीच्या दृष्टांतांचे काय करायचे, तेही तो सांगतो: "उपायः सोऽवताराय, नास्ति भेदः कथंचन" (३.१५). सृष्टीची गोष्ट ही बुद्धीला उतरवण्यासाठी केलेली युक्ती.

फाटे फुटणारच आहेत, पण श्लोक किंवा ओळ-क्रमांक देऊन फोडा.

---

तर्कट

धागा आवडला. एक सर्वात वापरला जाणारा पुरावा तुम्ही टाळलात, तो मीच आणतो आणि मीच पाडतो.

तिसरा तुकडा. एवढाच आहे: "तो गार आउतो नोएइन एस्तिन ते काइ एइनाइ." लोकप्रिय भाषांतर: 'विचार करणे आणि असणे एकच आहे.' यावरून थेट 'सत् म्हणजेच चित् (चैतन्य)' अशी उडी मारतात, मग पार्मेनिडीस वेदांती झालाच म्हणून समजा.

अडचण व्याकरणाची आहे. ग्रीकमध्ये इथली दोन्ही क्रियारूपे 'करण्यासाठी, होण्यासाठी' अशा अर्थानेही घेता येतात. तसे घेतले तर वाक्य होते: 'जे विचारात धरता येते आणि जे असू शकते, ते एकच.' म्हणजे जे नाही त्याचा विचार करता येत नाही, हा त्याचा नेहमीचाच मुद्दा. यात चैतन्य कुठेच नाही. दोन्ही वाचने व्याकरणात बसतात. पण दुसरे वाचन दुसऱ्या तुकड्याच्या शेवटाशी ("जे नाही ते तुला जाणता येणार नाही, दाखवताही येणार नाही") सरळ जुळते.

पहिले वाचन चिकटले त्याचे एक कारण प्लोटिनसच आहे. तो ही ओळ एन्नीड (त्याच्या निबंधांचा संग्रह) ५.१.८ मध्ये देतो आणि ती 'नूस' म्हणजे प्रज्ञेबद्दल आहे असे धरतो. ही ओळ आपल्याला मिळते ती त्याच्याकडून आणि ख्रिस्ती लेखक अलेक्झांड्रियाच्या क्लेमेंटकडून. दोघेही आपापले दुकान मांडून बसलेले. मागचे-पुढचे वाक्य दोघांनीही दिलेले नाही. त्यामुळे सत्-चित् ऐक्याचा पुरावा म्हणून तिसरा तुकडा वापरू नये.

---

मायमाती

+१. त्याच धर्तीवर भाषांतराचा एक मुद्दा, मराठीपुरता.

पार्मेनिडीसचे दोन मार्ग दुसऱ्या तुकड्यात येतात: एकाचे नाव 'एस्तिन', दुसऱ्याचे 'ऊक एस्तिन'. कर्ता दिलेलाच नाही. इंग्रजीला कर्त्यावाचून वाक्य करता येत नाही, म्हणून तिथं एक सर्वनाम घुसतं, आणि इंग्रजीवरून मराठी करणारे ते उचलून 'ते आहे', 'ते नाही' असं लिहितात. मग वाचक विचारत बसतो, ते म्हणजे कोण? ब्रह्म का?

आपल्याला हे सर्वनाम लागतच नाही. 'आहे.' आणि 'नाही.' एवढ्यावर मराठीत वाक्य पुरं होतं. शिवाय 'नाही' हे आपल्याकडे स्वतंत्र क्रियारूप आहे, 'आहे'ला चिकटवलेला नकार नाही. 'एक वाट आहे म्हणणारी, एक नाही म्हणणारी' असं भाषांतर केलं तर मूळच्या अगदी जवळ जातं.

एक खड्डा मात्र आहे. मराठीत 'आहे' आणि 'असतो/असते' वेगळे. ग्रीकमध्ये दोन्हींना एकच एस्ति. आठव्या तुकड्यातलं "कधी नव्हतं, कधी असणार नाही, कारण आत्ता आहे, सगळं एकदम" हे (८.५) भाषांतरताना 'असते' वापरलंत तर नित्यनेमाचा, म्हणजे पुन्हा पुन्हा घडण्याचा वास येतो. तिथं 'आहे'च हवं. आणि 'होणे' हे क्रियापद सत्याच्या मार्गात नकारासाठीच राखून ठेवावं.

---

रज्जुसर्प

आता मूळ मेजवानीकडे या. सगळ्यात जवळचा सारखेपणा 'एकम्'मध्ये नाही, 'नाम'मध्ये आहे.

छांदोग्य ६.१.४: "वाचारम्भणं विकारो नामधेयं मृत्तिकेत्येव सत्यम्." पार्मेनिडीस ८.३८-४१: मर्त्यांनी खरे समजून ठरवलेले सगळे, म्हणजे उपजणे, नष्ट होणे, असणे-नसणे, जागा बदलणे, उजळ रंग पालटणे, हे "सारे नाव असेल". दोघांकडे विकार आणि नाव एका जागी बांधलेले.

पण गंमत पुढेच आहे. दोन्हीकडे हे वाक्य दोन प्रकारे लागते, आणि फाटा जवळपास त्याच जागी फुटतो.

ग्रीक बाजू: हस्तलिखितांत त्या शब्दाचे दोन पाठ आहेत. 'ओनोम एस्ताइ' घेतले तर 'हे सगळे निव्वळ नाव'. 'ओनोमास्ताइ' घेतले तर 'त्यालाच ही सगळी नावे दिली गेली आहेत'. पहिल्यात अनेकत्वाला काहीच आधार नाही. दुसऱ्यात मर्त्य बोलतात चुकीचे, पण बोलतात त्या एकाबद्दलच.

आपली बाजू: शंकराचार्यांच्या वाचनात विकार म्हणजे वाणीचा आरंभ, नावापुरता, वस्तू म्हणून विकार असा काही नाहीच, माती एवढेच सत्य (ब्रह्मसूत्रभाष्य २.१.१४). रामानुजाचार्य तेच वाक्य उलट लावतात: एकच द्रव्य, ते व्यवहारासाठी, 'पाणी आण' म्हणता यावे म्हणून, घटाची अवस्था आणि घट हे नाव घेते, घट खरा, कारण तो मातीच आहे. एकाच दृष्टांताने एक घट पुसतो, दुसरा घट पक्का करतो.

म्हणून नुसते 'दोघांनीही नाम-रूप मिथ्या ठरवले' म्हणणे म्हणजे दोन्हीकडचे अर्धे वाचक गाळणे.

---

नवशिका

वाचतोय. एक सरळ प्रश्न. जर एकच आहे, तर चुकतंय कोण? पार्मेनिडीस 'मर्त्य' म्हणतो. पण मर्त्य आले कुठून?

---

घटपट

हाच प्रश्न. पार्मेनिडीसकडे याचे उत्तर नाही. सहाव्या तुकड्यात तो मर्त्यांना 'दोन डोकी असलेले' म्हणतो, बहिरे-आंधळे म्हणतो, 'असणे आणि नसणे तेच आणि ते नव्हेही' मानणारे म्हणतो. शिव्या भरपूर. पण ते मर्त्य, उपदेश करणारी ती देवी, रथातून आलेला तो तरुण हे सगळे 'एका'त कुठे बसतात, यावर उरलेल्या ओळींत एक शब्द नाही.

प्लेटोने हे बरोबर पकडले. 'सोफिस्ट'मध्ये (२४४ब-ड) एलियाचाच पाहुणा विचारतो: 'एकच आहे' म्हणता, मग 'एक' आणि 'असणे' ही दोन नावे कशी? नाव वस्तूहून वेगळे म्हणाल तर दोन झाली. वेगळे नाही म्हणाल तर ते कशाचेच नाव नाही.

अगदी हीच अडचण अद्वैत्यांना "सत्यं ज्ञानमनन्तं ब्रह्म" (तैत्तिरीय २.१) लावताना आली. तीन पदे, मग तीन गुण, मग भेद? त्यांचे उत्तर असे की ही पदे गुण जोडत नाहीत, फक्त असत्य, जड आणि मर्यादित यांना वगळतात आणि एकाच अखंड अर्थावर बोट ठेवतात. 'सोऽयं देवदत्तः' ('हा तोच देवदत्त') यामध्ये तेव्हाचा आणि आत्ताचा हे दोन्ही तपशील सोडून माणूस एकच उरतो, तसे. रामानुजाचार्यांच्या विशिष्टाद्वैताला हे पटत नाही, पण प्रश्न ओळखून त्यावर यंत्रणा उभी केली आहे. एलियाकडे ती यंत्रणा नाही.

चुकतो कोण, यावर शंकराचार्यांचे उत्तर (ब्रह्मसूत्रभाष्य ४.१.३) वाचण्यासारखे आहे: "कस्य पुनरयमप्रबोध इति चेत्, यस्त्वं पृच्छसि तस्य त इति वदामः." हे अज्ञान कोणाचे? जो तू विचारतोस त्या तुझे.

टाळी मिळवणारे उत्तर आहे, पण भांडण मिटले नाही. अद्वैताचेच भाष्यकार वाचस्पतिमिश्र यांनी अविद्येचा आश्रय, म्हणजे ती जिथे राहते ती जागा, जीव मानला. तर जीव हाच अविद्येचे फळ, म्हणजे चक्रक, युक्तिवाद गोल फिरतो. अद्वैताच्याच दुसऱ्या शाखेने, विवरण परंपरेने, आश्रय ब्रह्मच मानले. तर स्वयंप्रकाशात अंधार कसा? अविद्येवरच्या रामानुजाचार्यांच्या सात अनुपपत्तींतली (आक्षेपांतली) पहिली हीच, आश्रयानुपपत्ती.

---

तर्कट

थोडी दुरुस्ती. 'यंत्रणा नाही' हे खरे, पण पार्मेनिडीसने काव्याचा दुसरा भाग लिहिलाच आहे, डोक्साचा, म्हणजे मर्त्यांच्या मतांचा. देवी ८.५०-५२ला सांगते की विश्वासू बोलणे इथे थांबवते, आता माझ्या शब्दांची फसवी रचना ऐक. मग उजेड आणि रात्र या दोन रूपांवर अख्खे विश्वशास्त्र. ते टाकाऊ नव्हते. चंद्र 'परक्या उजेडाने' पृथ्वीभोवती फिरतो (तुकडा १४), नेहमी सूर्याच्या किरणांकडे तोंड करून असतो (तुकडा १५), हे त्यातच आहे. खोटे म्हणून सांगितलेल्या भागात खगोलशास्त्राचा इतका नेमका मुद्दा यावा, हा त्या काव्यातला सर्वात विनोदी प्रकार.

म्हणून गौडपादाच्या 'उपायः सोऽवताराय'शी तुलना करताना सांभाळा. डोक्सा कशासाठी, ते देवी स्वतः सांगते: कोणा मर्त्याचे मत तुझ्यापुढे निघून जाऊ नये म्हणून (८.६१). हेतू स्पर्धेचा आहे, शिकवणीचा नाही. गौडपादाची सृष्टिकथा शिडी आहे, वर नेऊन सोडते. पार्मेनिडीसची शिडी नाही, कारण तो सत्य आधी सांगतो आणि खोटे नंतर.

---

घटपट

मान्य. क्रमाचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता.

---

सांजवारा

प्लोटिनस भारतात येऊन उपनिषदं शिकला आणि त्यावरून त्याने 'एक' मांडला, असं एका व्याख्यानात ऐकलं होतं. त्याबद्दल कोणी लिहील का?

---

रज्जुसर्प

आला नाही. त्याचा शिष्य पोर्फिरी चरित्रात लिहितो ते एवढेच: प्लोटिनस अलेक्झांड्रियात अम्मोनियस सक्कासकडे ११ वर्षे शिकला. पर्शियन आणि भारतीय तत्त्वज्ञान जाणून घ्यायची ओढ लागली म्हणून सम्राट तिसऱ्या गॉर्डियनच्या पर्शियावरील स्वारीत (इ.स. २४३) सामील झाला. २४४मध्ये गॉर्डियन मेसोपोटेमियातच मेला, प्लोटिनस कसाबसा अँटिऑकला निसटला आणि चाळिसाव्या वर्षी रोमला गेला. म्हणजे इच्छा नोंदलेली आहे, भेट नोंदलेली नाही. 'सक्कास' म्हणजे 'शाक्य' हा तर्कही फिरतो. निव्वळ ध्वनिसाम्य आहे ते. प्राचीन लेखक त्या नावाचा संबंध गोणीशी, गोण्या वाहण्याच्या कामाशी लावतात.

विद्वानांतही भांडण जुने आहे. फ्रेंच अभ्यासक एमिल ब्रेइए यांनी १९२०च्या दशकात प्लोटिनसमध्ये भारतीय धागा शोधला, आर्मस्ट्राँग यांनी १९३६मध्ये त्याला उत्तर दिले की जे पूर्वेकडचे वाटते ते ग्रीक परंपरेतूनच समजावता येते. आर्मस्ट्राँगचा रस्ता असा: प्लेटोने 'रिपब्लिक'मध्ये (५०९ब) शिव या तत्त्वाला 'असण्याच्याही पलीकडचे' म्हटले आहे, त्यात ॲरिस्टॉटलची स्वतःचाच विचार करणारी बुद्धी घाला, आणि प्लेटोच्या 'पार्मेनिडीस' संवादातला 'एक' घाला. मसाला घरातच होता.

(इथला 'शिव' म्हणजे चांगले, कल्याण. शंकर नव्हे. एका मराठी अनुवादाखाली यावरून झालेली मारामारी आठवते म्हणून आधीच सांगतो.)

---

मायमाती

प्लोटिनसचा युक्तिवाद पायऱ्यांनी द्या ना कोणीतरी. त्याच्याबद्दल सगळे 'उत्सर्जन, सूर्य, किरण' एवढंच लिहितात.

---

रज्जुसर्प

१. जे घटकांचे बनलेले आहे ते घटकांवर अवलंबून असते. म्हणून पहिले तत्त्व निर्भेळ साधे हवे.
२. ॲरिस्टॉटलचे पहिले तत्त्व स्वतःचा विचार करते. पण विचारात विचारणारा आणि विचारलेले असे दोन पदर असतातच, एकाच वस्तूचे असले तरी.
३. म्हणून ती बुद्धी (नूस) पहिली असू शकत नाही. तिच्या आधी 'एक' (तो हेन) हवा, आणि तो विचार करत नाही.
४. असणे म्हणजे काहीतरी आकार असणे. 'एका'ला आकार नाही. म्हणून तो असण्याच्याही पलीकडे.

इथेच पार्मेनिडीस आणि प्लोटिनस यांची ताटातूट होते, दोघांना एका पिशवीत घालणाऱ्यांनी नोंद घ्यावी. पार्मेनिडीससाठी 'असणे' हेच शेवटचे. प्लोटिनससाठी ते दुसऱ्या पायरीवर. ५.१.८मध्ये तो पार्मेनिडीसला हेच ऐकवतो: एक म्हणालास, पण तुझा एक अनेक निघतो.

आणि अद्वैताशी? पायरी ३ पाहा. प्लोटिनसचा 'एक' जाणत नाही. ब्रह्म तर ज्ञानस्वरूप. विरोध? वरवर. बृहदारण्यक ४.३.२३ म्हणते सुषुप्तीत, म्हणजे गाढ झोपेत, आत्मा पाहत नाही, पण पाहत असूनच पाहत नाही, कारण पाहणाऱ्याची दृष्टी लोपत नाही, "न हि द्रष्टुर्दृष्टेर्विपरिलोपो विद्यते". शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात २.३.१८ला सूत्रासारखे लिहितात: "विषयाभावादियमचेतयमानता न चैतन्याभावात्." म्हणजे कशाचे तरी ज्ञान नाही, पण ज्ञान आहे. प्लोटिनस ६.८.१६मध्ये 'एका'साठी 'हायपरनोएसिस', विचारापलीकडची जाण, असा शब्द योजतो. तिथे दोघे हाताच्या अंतरावर येतात. तिसऱ्या तुकड्यावरून पार्मेनिडीसला वेदांती करण्यापेक्षा हा पुरावा कितीतरी मजबूत.

पुसून टाकण्याची रीतही सारखी. तिकडे 'अफेले पान्ता', सगळे काढून टाक (५.३.१७), इकडे 'नेति नेति', बृहदारण्यकात पाच ठिकाणी.

---

अनवट

सारखेपणा मान्य, पण प्लोटिनसकडे जग मिथ्या नाही. ग्नोस्टिकांविरुद्धचा त्याचा निबंध (२.९) वाचा: जगाला वाईट म्हणणाऱ्यांवर तो चांगलाच तापलेला आहे. जग 'एका'तून अपरिहार्यपणे ओसंडते, ते खरे आहे, फक्त खालच्या प्रतीचे. म्हणून त्याला विवर्तवादाच्या चौकटीत कोंबू नये. वेदान्तसारातली व्याख्या हाताशी ठेवा: "सतत्त्वतोऽन्यथा प्रथा विकार इत्युदीरितः । अतत्त्वतोऽन्यथा प्रथा विवर्त इत्युदीरितः." दूध खरेच दही होते, तो विकार; दोरी नुसती साप भासते, तो विवर्त. प्लोटिनस दोन्हीत बसत नाही. दही झाले की दूध संपते. त्याचा 'एक' देताना घटत नाही. साप मुळात नसतो. त्याचे जग असते.

मग मराठी वाचकाला आपल्या घरातली जोडी का दिसू नये? ज्ञानदेव, चांगदेव पासष्टी:

"सोनें सोनेपणा उणें । न येतांचि झालें लेणें । तेंवि न वेंचतां जग होणें । अंगें जया ॥"

'न वेंचतां'. खर्च न होता. आता एन्नीड ३.८.१० घ्या: असा झरा कल्पा, ज्याला दुसरा उगम नाही, जो स्वतःला सगळ्या नद्यांना देतो आणि तरी नद्यांनी संपत नाही, स्वस्थ राहतो. मी तर म्हणेन प्लोटिनसला शंकराचार्यांपेक्षा अमृतानुभवाच्या शेजारी बसवा. ज्ञानदेवांनी तिथे सातव्या प्रकरणात, सगळ्यात लांब प्रकरणात, अज्ञान नावाची वस्तूच मोडीत काढली आहे. जग अविद्येचे नाही, चिद्विलास, म्हणजे चैतन्याचा खेळ आहे.

---

घटपट

'न वेंचतां' आणि तो झरा ही जोडी उत्तम. पण शेजारी बसवताना एक पाट मोकळा ठेवा. प्लोटिनसकडे उतरंड आहे: एक, बुद्धी, जीवात्मा, निसर्ग, आणि तळाशी जडद्रव्य, ज्याला तो १.८मध्ये उजेडाचा अभाव, अगदी दुरिताचे मूळ म्हणतो. दिवा जसा दूर जाताना मंद होतो तसे. ज्ञानदेवांच्या दागिन्यात सोने कुठेही मंद होत नाही. बोटातल्या वळ्यात आणि गळ्यातल्या सरीत तोच कस. अमृतानुभवात अशी कमी-कमी होत जाणारी पायरी मला कुठे सापडत नाही. सापडली तर ओवी द्या.

---

अनवट

नाही सापडणार. हे मान्य.

अवांतर: या दोन्ही गावांचा रस्ता माहीत असलेले मराठी मुलखातले अभ्यासक म्हणजे गुरुदेव रा. द. रानडे. फर्ग्युसनमध्ये शिकवत, पुढे अलाहाबादला. १९२६च्या उपनिषदांवरच्या ग्रंथात त्यांनी ग्रीक समांतरे जागोजाग दिली आहेत, आणि एलियावाल्यांवर ॲरिस्टॉटलने केलेल्या टीकेवर स्वतंत्र लेखही लिहिला आहे.

---

नवशिका

हे सगळं स्वतः वाचायचं तर क्रम काय? ग्रीक येत नाही, संस्कृत शाळेपुरतं.

---

तर्कट

असा लावा.

छांदोग्य ६.१ आणि ६.२ आधी, एका बैठकीत होतात. मग ६.८ ते ६.१६, 'तत्त्वमसि' तिथे नऊ वेळा येते, दर वेळी दृष्टांत कोणता आणि तो काय सिद्ध करतो ते समासात लिहा. (वडाच्या बीचा आणि मिठाच्या पाण्याचा दृष्टांत एकच गोष्ट सांगतात असे धरून पुढे जाऊ नका. बी फोडल्यावर काहीच दिसत नाही. मीठ दिसत नाही पण चवीला लागते. दुसऱ्यात अनुभवाचा रस्ता आहे, पहिल्यात नाही.)

मग पार्मेनिडीसचे तुकडे २, ६, ८ याच क्रमाने. तिसरा शेवटी, नाहीतर त्याच चष्म्यातून आठवा वाचला जातो. दोन वेगवेगळी भाषांतरे समोर ठेवा आणि ८.३८ला कोणी कोणता पाठ घेतलाय ते बघा. तिथेच भाषांतरकाराची बाजू कळते.

मग कारिकांचे तिसरे प्रकरण (४८ कारिका). चौथे शंभर कारिकांचे आहे आणि बौद्ध परिभाषेने भरलेले. पहिल्या खेपेला सोडा. एकूण २१५ आहेत, घाई नको.

प्लोटिनस सगळ्यात शेवटी. पोर्फिरीने त्याचे ५४ निबंध नऊ-नऊच्या सहा गटांत बसवले, ते विषयवार आहेत, लिहिल्याच्या क्रमाने नाहीत. पहिल्या पानापासून सुरू करणारे हमखास गळतात. ५.२ घ्या, जेमतेम दोन-तीन पाने. पहिलेच वाक्य "एक म्हणजे सगळे, आणि त्यातले एकही नाही". ते वाचून गीता ९.४-५ उघडा. मग ५.१, मग ६.९.

प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न विचारा: इथे अनेकत्व नाकारलंय, उतरवून ठेवलंय, की एकातून काढलंय? तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

मायमाती

एलियाच्याच परंपरेतल्या मेलिससला सगळे विसरले. पार्मेनिडीसचं सत् 'बंधनांच्या मर्यादेत' घट्ट धरलेलं आहे, मर्यादित आहे, आणि त्याला ते पूर्णत्वाचं लक्षण वाटतं. 'अनंतं ब्रह्म' म्हणणाऱ्याला हे खुपायला हवं. सामोसचा मेलिसस (इ.स.पू. ४४१च्या युद्धात अथेन्सच्या आरमाराला हरवणारा तोच) मात्र सत् अनंत म्हणतो, आणि सातव्या तुकड्यात त्याला दुःख-वेदना नाही असंही म्हणतो. वेदांताला तो जास्त जवळचा नाही का?

---

रज्जुसर्प

शब्दाने जवळचा. युक्तिवाद तपासा. मेलिसस आधी दाखवतो की सताला आरंभ नाही, शेवट नाही, म्हणजे काळाने अनंत. तिथून तो आकारानेही अनंत म्हणून टाकतो, ही उडी ॲरिस्टॉटलने पकडली. तैत्तिरीय २.१वर शंकराचार्य तीन मर्यादा वेगळ्या काढतात: देशाची, काळाची, वस्तूची. आकाश देशाने अनंत आहे पण काळाने नाही, वस्तूने नाही, हे उदाहरण तिथलेच.

---

मायमाती

पण सहावा तुकडा? अनंत असेल तर एकच असेल, कारण दोन असते तर एकमेकांना सीमा घातली असती. ही वस्तूची मर्यादाच झाली की.

---

रज्जुसर्प

जवळपास. मेलिससच्या दोन वस्तू एकमेकींना अडवतात त्या शेजारच्या शेताच्या बांधासारख्या: माझे इथे संपते, तुझे सुरू होते. ती देशाचीच मर्यादा. शंकराचार्यांचे उदाहरण गोत्व आणि अश्वत्व यांचे आहे. त्यांच्यात बांध नाही. गाय ही बुद्धी घोड्यापाशी पोचली की परत फिरते, ते परत फिरणे हीच मर्यादा. दोन वस्तू एकाच जागी भरून राहिल्या तरी ती उरते. मेलिससची युक्ती अशा दोन वस्तूंना हात लावू शकत नाही.